प्रश्न शोधायलाही वेळ द्या

सहावी ते आठवीच्या मुलांकडून वर्षातून एकदा स्वतंत्र संशोधन प्रकल्प करून घेणाऱ्या शाळा आता पुष्कळ आहेत आणि ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु या प्रकल्पाचे वेळापत्रक बारकाईने पाहिले, तर त्यात एक मोठा असमतोल दिसतो. माहिती गोळा करण्यासाठी काही आठवडे दिलेले असतात, लेखनासाठी काही आठवडे असतात, तक्ते तयार करण्यासाठी आणि सादरीकरणाच्या सरावासाठीही वेळ राखून ठेवलेला असतो. विषय निवडण्यासाठी मात्र एखादी तासिका, फार तर मधली सुट्टी आणि दोन दिवसांची मुदत. ‘सोमवारी प्रत्येकाने आपला विषय सांगायचा आहे’ एवढ्या सूचनेवर हा टप्पा उरकला जातो आणि सोमवारी हजेरी घ्यावी तशी विषयांची नोंद होते. विषय ठरणे ही जणू संशोधनापूर्वीची औपचारिकता आहे आणि खरे काम त्यानंतर सुरू होते, असे गृहीत धरलेले असते. माझ्या मते हे गृहीतकच चुकीचे आहे. या वयाच्या मुलांसाठी प्रश्न शोधणे हाच संशोधनाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत शिकवणारा भाग आहे; प्रकल्पाच्या एकूण वेळापैकी किमान एक तृतीयांश वेळ त्यासाठी दिला पाहिजे आणि त्या कामाला गुणही दिले पाहिजेत.

प्रकल्प पद्धतीची मांडणी करणारे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी 1918 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रकल्पाचे चार टप्पे सांगितले होते: हेतू ठरवणे, आखणी करणे, प्रत्यक्ष काम करणे आणि झालेल्या कामाचे मूल्यमापन करणे. मुलाने स्वतःच्या मनापासूनच्या हेतूने हाती घेतलेले काम म्हणजे प्रकल्प, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. शंभराहून अधिक वर्षांनंतर आपण त्यांचे शेवटचे तीन टप्पे सांभाळले आहेत आणि पहिला टप्पा बहुतेक ठिकाणी शिक्षकांकडे, पालकांकडे किंवा छापील यादीकडे सोपवला आहे. ज्याच्यावर बाकीचे तिन्ही टप्पे उभे आहेत तोच मुलाच्या हातून काढून घेतल्यावर उरते ते काम मुलाने नीट करावे, त्यात जीव ओतावा, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

यादी देणाऱ्या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. एका वर्गात चाळीस मुले असतात, प्रत्येकाशी स्वतंत्र बोलायला वेळ नसतो, अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो आणि भलताच विषय घेतलेले मूल मध्येच अडकले तर त्याची जबाबदारीही शिक्षकांवरच येते. त्यामुळे ‘सौरऊर्जा’, ‘ज्वालामुखी’, ‘जलप्रदूषण’, ‘थोर शास्त्रज्ञ’ असे दरवर्षीचे खात्रीचे विषय वाटून दिले जातात. या विषयांत वाईट काही नाही. पण त्यांच्याविषयीची उत्तरे आधीच सुबकपणे लिहिलेली, चित्रांसह मांडलेली आणि एका शोधात सापडणारी आहेत. मुलाने काय करायचे उरते? चार ठिकाणची माहिती आणून पाचव्या ठिकाणी चिकटवायची. मुलगा नक्कल करतो म्हणून आपण त्याला दोष देतो, पण ज्या विषयात त्याच्याकडे प्रश्नच नव्हता त्या विषयात नक्कल करण्यावाचून तो दुसरे काय करू शकला असता, याचा विचार आपण करत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘तुम्हाला हवा तो विषय घ्या’ असे सांगणाऱ्या शाळा आहेत. ऐकायला हे फार उदार वाटते. प्रत्यक्षात, निवड कशी करायची हे न शिकवता दिलेले निवडीचे स्वातंत्र्य मुलाला एकटे पाडते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय आवडते हे सांगता येते. पण आवडीतून प्रश्न कसा काढायचा हे त्याला कोणी दाखवलेले नसते. मग ते काल पाहिलेल्या व्हिडिओवरचा विषय घेते, किंवा शेजारच्या बाकावरच्या मित्राचा विषय थोडा बदलून घेते, किंवा कमीत कमी कष्टांत पार पडेल असा विषय घेते. महिनाभराने ते कंटाळते आणि शिक्षकांना वाटते की स्वातंत्र्य देऊन काही उपयोग नाही. पुढच्या वर्षी यादी परत येते.

निवडीवर खर्च झालेला वेळ वाया जात नाही, याचा एक सुंदर पुरावा चित्रकलेच्या क्षेत्रातून मिळतो. जेकब गेट्झेल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या संशोधकांनी शिकागोच्या कला विद्यालयातील 31 विद्यार्थ्यांना एका खोलीत बोलावले. दोन टेबले होती. एकावर 27 निरनिराळ्या वस्तू ठेवलेल्या होत्या आणि त्यांतील हव्या त्या वस्तू दुसऱ्या टेबलावर मांडून त्यांचे चित्र काढायचे होते. काही विद्यार्थ्यांनी दोन-चार वस्तू उचलल्या, मांडल्या आणि लगेच काढायला सुरुवात केली. काही जण मात्र बराच वेळ वस्तू हाताळत राहिले, फिरवून पाहत राहिले, मांडणी बदलत राहिले, चित्र काढायला लागल्यावरही त्यांचा विचार बदलत राहिला. जाणकारांनी नंतर ती चित्रे पाहिली तेव्हा या दुसऱ्या गटाची चित्रे अधिक स्वतंत्र ठरली. आणि काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा कलाकार म्हणून पुढे टिकण्याचा संबंधही या सवयीशी दिसला. काय काढायचे हे शोधण्यात रमणारे विद्यार्थी वरवर पाहता वेळ घालवत होते. आपल्या वर्गात असे एखादे मूल असते, तर तिसऱ्या दिवशी ‘अजून तुझा विषय ठरला नाही?’ म्हणून त्याला उभे केले गेले असते.

विषयातून प्रश्न कसा निघतो, हे एका उदाहरणात सविस्तर पाहू. समजा, बारा वर्षांची एक मुलगी ‘डायनोसॉर’ असा विषय लिहून आणते. हा विषय बालिश आहे, फार मोठा आहे आणि यावर शेकडो पुस्तके आहेत, असे तिला सांगता येईल आणि ते खोटेही नाही. पण शिक्षकांनी तिला फक्त एवढेच विचारले की, ‘डायनोसॉरांबद्दल तुला न कळलेली एखादी गोष्ट सांग,’ तर ती थोडी थांबेल. मग कदाचित म्हणेल, ‘बाई, माझ्या लहानपणीच्या पुस्तकात ते सगळे करडे आणि हिरवे होते. ग्रंथालयातल्या नव्या पुस्तकात त्यांना पिसे आहेत आणि रंगही वेगळे आहेत. मग खरे कोणते? आणि चित्र काढणाऱ्याला ते कसे कळले?’ इथे विषयाचा प्रश्न झाला. आता तिच्या हातात काम आहे. ग्रंथालयातील जेवढी सचित्र पुस्तके मिळतील तेवढी काढायची, प्रत्येकाचे प्रकाशनवर्ष टिपायचे, चित्रातला प्राणी शेपटी जमिनीवर ओढत चालतो की हवेत तोलून धरतो, त्याला पिसे आहेत की नाहीत, अंगाचा रंग कोणता, हे वर्षांच्या क्रमाने एका तक्त्यात भरायचे. हे करताना तिला कळेल की चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्स या छोट्या डायनोसॉरच्या जीवाश्मावरील पिसांसारख्या तंतूंची बातमी 1996 साली जगासमोर आली आणि 2010 साली शास्त्रज्ञांनी अशाच जीवाश्मांतील रंगकणांच्या सूक्ष्म अवशेषांवरून त्याच्या शेपटीवर तांबूस-तपकिरी पट्टे असावेत, असे दाखवले. मग तिचा पुढचा प्रश्न आपोआप येतो: शास्त्रज्ञांना कळल्यानंतर मुलांच्या पुस्तकांतली चित्रे बदलायला किती वर्षे लागली? तिच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांपुरते या प्रश्नाचे उत्तर तिच्याआधी कोणीही काढलेले नाही. ते तिलाच काढावे लागेल आणि ते कोठून उतरवून घेता येणार नाही.

या सबंध प्रवासात शिक्षकांनी तिला एकही विषय सुचवलेला नाही. त्यांनी तिच्या आवडीला धक्का लावला नाही आणि तिला त्या आवडीवर सोडूनही दिले नाही. मोठ्या माणसांचे काम एवढेच आणि इतके आहे. त्यासाठी प्रत्येक मुलामागे दहा-पंधरा मिनिटांची दोन संभाषणे लागतात. चाळीस मुलांच्या वर्गात ती एका दिवसात होत नाहीत, पण तीन-चार आठवड्यांत विभागून, मुलांच्या छोट्या गटांत एकमेकांना प्रश्न विचारायला लावून, निश्चित होऊ शकतात. किंबहुना मुले एकमेकांना विचारतात ते प्रश्न पुष्कळदा शिक्षकांच्या प्रश्नांपेक्षा थेट असतात, कारण ‘हे तुला कसे कळणार?’ असे विचारायला मित्राला संकोच वाटत नाही.

चांगला प्रश्न ओळखायचा कसा, याची कसोटी मला साधी वाटते. पुरावा मुलाच्या हाताशी असला पाहिजे: त्याला मोजता, पाहता, विचारता किंवा वाचता येईल असा. उत्तर खरोखर अज्ञात असले पाहिजे, निदान त्या मुलाला. आणि ते कोणत्याही बाजूला जाण्याची शक्यता असली पाहिजे. ही शेवटची अट आपल्याकडे सर्वांत जास्त मोडली जाते, कारण निबंधाचे विषय आणि संशोधनाचे विषय यांत आपण फरकच करत नाही. ‘वाचनाचे महत्त्व’, ‘प्लॅस्टिकचे दुष्परिणाम’, ‘मोबाइलचे व्यसन’ या शीर्षकांत निष्कर्ष आधीच बसलेला आहे. अशा विषयावर काम करणारे मूल पुरावा शोधत नाही, ठरलेल्या निष्कर्षाला शोभणारी उदाहरणे शोधते. आणि उलट उदाहरण सापडले तर ते बाजूला ठेवते. वयाच्या बाराव्या वर्षी ही सवय लावणे हे संशोधन न शिकवण्यापेक्षाही वाईट आहे. त्याच मुलाला ‘प्रदूषण’ या विषयावरून ‘शाळा सुटताना फाटकासमोर उभ्या असलेल्या वाहनांपैकी किती जण इंजिन बंद करतात आणि पावसाच्या दिवशी हे प्रमाण बदलते का?’ इथपर्यंत आणता आले, तर उत्तर काय येईल हे त्यालाही ठाऊक नसते आणि शिक्षकांनाही नसते. आठवडाभर वही-पेन घेऊन उभे राहिले की ते मिळते.

प्रश्न लहान झाला की त्याचे मोल कमी होते, अशी भीती पालकांना वाटते. आपल्या मुलाने भव्य विषय घ्यावा, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण मुलांनी विचारलेल्या लहान प्रश्नांनी काय साधले, याची काही उदाहरणे नोंदली गेलेली आहेत. एमिली रोझा ही अमेरिकन मुलगी नऊ वर्षांची असताना तिला प्रश्न पडला की रुग्णाच्या अंगाला हात न लावता त्याच्या शरीराभोवतीची ऊर्जा जाणवते, असे सांगणाऱ्या उपचारकांना ती खरोखर जाणवते का. उपचार खरे की खोटे, हा मोठा वाद तिने घेतला नाही. तिने पुठ्ठ्याचा एक पडदा उभा केला, उपचारकांना त्याच्या छिद्रांतून दोन्ही हात पुढे करायला सांगितले, नाणे उडवून ठरलेल्या हाताजवळ आपला हात धरला आणि तो कोणत्या हाताजवळ आहे एवढेच विचारले. एकूण 21 उपचारकांवर 280 चाचण्या झाल्या आणि त्यांतील 123 उत्तरे बरोबर आली, म्हणजे सुमारे 44 टक्के. निव्वळ अंदाजाने निम्मी बरोबर यायला हवी होती. तिच्या आईने आणि इतर मोठ्यांनी लेखनाला मदत केली आणि 1998 साली तो निबंध अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतील आठ ते दहा वर्षांच्या 25 मुलांनी बंबलबी या केसाळ, गुबगुबीत मधमाश्या फुलांची निवड रंगावरून करतात की मांडणीवरून, याविषयी प्रयोग केला. त्यांचा निबंध 2010 साली ‘बायॉलॉजी लेटर्स’ या संशोधनपत्रिकेत आला. बंबलबी आणि उपकरणे पुरवणारा शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर होता, परंतु माश्यांसाठीचे कोडे मुलांनी रचले होते, आकृत्या त्यांनी रंगीत पेन्सिलींनी काढल्या होत्या आणि निबंधात पूर्वीच्या संशोधनाचे संदर्भ नव्हते.

या दोन्ही ठिकाणी मुलांच्या बाजूला ऐकून घेणारी मोठी माणसे होती. ती नसतात तेव्हा काय होते, हे एरास्टो म्पेंबाच्या हकिकतीत दिसते. टांझानियातील हा शाळकरी मुलगा 1963 साली आइस्क्रीम करताना उकळलेले दूध निववायचे सोडून घाईने गरमच मिश्रण शीतकपाटात ठेवून मोकळा झाला आणि ते मित्राच्या थंड मिश्रणाआधी गोठलेले त्याला दिसले. त्याने शिक्षकांना कारण विचारले. तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल, असे उत्तर मिळाले. पुढच्या शाळेत त्याने पुन्हा विचारले, तेव्हा हे म्पेंबाचे भौतिकशास्त्र आहे, सर्वांचे नव्हे, असे ऐकावे लागले आणि वर्गाला थट्टेचा एक विषय मिळाला. विद्यापीठातून व्याख्यान द्यायला आलेल्या डेनिस ऑसबॉर्न यांना त्याने तोच प्रश्न भर सभेत विचारला, तेव्हाही मुले हसली. ऑसबॉर्न यांनी मात्र परत जाऊन प्रयोगशाळेत तो प्रयोग करवून घेतला आणि 1969 साली दोघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला. गरम पाणी थंड पाण्याआधी खरोखर गोठते का आणि गोठत असेल तर कशामुळे, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. म्हणजे शिक्षकांची शंका निराधार होती असेही म्हणता येत नाही. पण शंका असेल तर ‘चल, दोन भांडी ठेवून पाहू’ एवढे म्हणणे शक्य होते आणि तेवढेच पुरेसे होते. किती मुलांचे प्रश्न त्या पहिल्या उत्तरापाशीच संपत असतील, याचा विचार केला की मला अस्वस्थ व्हायला होते, कारण ते प्रश्न कोठेही नोंदले जात नाहीत.

या भूमिकेवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप समानतेचा आहे. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, शिकलेले आई-वडील आहेत, त्या मुलांना चांगले प्रश्न सुचतील. बाकीच्यांना निदान यादीमुळे समान सुरुवात मिळते, असे म्हटले जाते. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. ‘सौरऊर्जा’ हा एकच विषय दोन मुलांना दिला, तर ज्याच्या घरी छपाईची सोय आहे, तयार प्रतिकृती विकत आणता येते आणि वडील रात्री जागून तक्ता पूर्ण करतात, त्याचाच प्रकल्प उठून दिसतो. पाठ्यविषयांच्या प्रकल्पात साधने जिंकतात. निरीक्षणाच्या प्रश्नात तसे होत नाही. घरातले थोरले कामावर गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला ‘दीड वर्षाचे मूल कोणते शब्द कोणत्या क्रमाने बोलायला लागते?’ हा प्रश्न पडू शकतो आणि त्याचा पुरावा रोज तिच्या घरात असतो. तो इतर कोणाला पैसे देऊन मिळणार नाही. अट एवढीच की तिच्या या प्रश्नाला ‘हा काय संशोधनाचा विषय आहे?’ असे उत्तर मिळता कामा नये. प्रश्नाला विज्ञानाचा साज असलाच पाहिजे, हा आग्रहही येथेच सोडायला हवा. आजी-आजोबांच्या पिढीच्या आठवणी, एखाद्या रस्त्याचे बदलत गेलेले नाव, वर्गातल्या खेळांचे नियम कोण आणि कसे बदलतो, यांतही पुरावे, पडताळणी आणि मतभेद असतात. मात्र माणसांना प्रश्न विचारायचे असतील तर त्यांची संमती घेणे, नावे गुप्त ठेवणे आणि कोणाला दुखावतील असे प्रश्न टाळणे हे विषय ठरतानाच बोलले गेले पाहिजे. काम झाल्यावर ते सांगण्यात अर्थ नाही.

आज या सगळ्याला आणखी एक कारण मिळाले आहे. कोणत्याही सर्वसाधारण विषयावरचा नीटनेटका अहवाल यंत्राकडून क्षणभरात लिहून घेता येतो आणि तो कोणी लिहिला हे ओळखण्यात शिक्षकांचा जीव मेटाकुटीला येतो. बंदी आणि तपासणी यांवर जेवढी शक्ती खर्च होते आहे, तिच्यातील थोडी विषयनिवडीवर वळवली तर निम्मा प्रश्न सुटेल, असे मला वाटते. शाळेच्या फाटकासमोर किती वाहनांची इंजिने चालू होती, याची नोंद मुलाने तिथे उभे राहून केली नाही, तर खरी नोंद दुसरे कोणी करून देऊ शकत नाही. आकडे रचता येतात हे खरे; पण ज्या मुलाला उत्तर जाणून घ्यायचे आहे त्याला ते रचण्यात काही मिळत नाही, आणि दोन प्रश्न विचारले की रचलेला आकडा शिक्षकांच्या लक्षात येतो.

शाळांनी करावयाचे बदल मोठे नाहीत. प्रत्येक मुलाजवळ प्रश्नांची एक वही असावी आणि पहिल्या तीन आठवड्यांत तिच्यात केवळ प्रश्न लिहिले जावेत, सुचले तसे, खोडता येतील असे. त्यानंतर मुलाने त्यांतले दोन प्रश्न निवडून प्रत्येकावर दोन-तीन दिवस छोटे प्राथमिक काम करून पाहावे: एखादे पुस्तक चाळावे, एकदा मोजून पाहावे, एका माणसाला विचारावे. कोणता प्रश्न धरून ठेवायचा हे त्यातूनच कळते. प्रकल्पाच्या मध्यावर विषय बदलण्याची एक अधिकृत संधीही हवी. आज विषय बदलणे म्हणजे धरसोडपणा समजला जातो आणि मूल मृतप्राय विषय वर्षअखेरपर्यंत ओढत नेते. वास्तविक पुरावा मिळत नाही हे ओळखून, कारण लिहून, प्रश्न बदलणे हे संशोधकाचे रोजचे काम आहे. त्या कारणमीमांसेला गुण द्यावेत. प्रश्नांच्या वहीलाही द्यावेत, अंतिम अहवालाला असतात त्यापेक्षा फार कमी नाहीत इतके.

आणि प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक तक्त्यासमोर येऊन उभे राहतील, तेव्हा त्यांनी ‘निष्कर्ष सांग’ याआधी ‘या प्रश्नावर येण्यापूर्वी कोणते प्रश्न सोडलेस आणि का?’ असे विचारावे. ज्याच्यासाठी दुसऱ्याने विषय निवडला त्याला हे सांगता येणार नाही. ज्याने स्वतः शोधला ते मूल बहुधा वही उघडून दाखवेल आणि त्याला थांबवावे लागेल.